ऐकण्याची मजुरी

गेल्या मार्गशीर्षातील एका सकाळी, मोठ्या तलावावरचे धुके अजून पुरते विरले नसताना, घरासमोर उभ्या असलेल्या आणि आदल्याच दिवशी विकत घेतलेल्या बावीस वर्षे वयाच्या डिझेल जीपची किल्ली मी फिरवली, तेव्हा दोन आचके देऊन इंजिनाने प्राण धरला खरा. परंतु त्याच्या ओळखीच्या घरघरीच्या आतून, बंद दारावर कुणी बोटांच्या पेरांनी न थकता टकटक करीत राहावे तसा एक निराळाच ध्वनी येऊ लागला, जो आदल्या दिवशी विक्रेत्याच्या अंगणात अर्धा तास उभे राहूनही माझ्या कानी पडला नव्हता. आमच्या सौभाग्यवती तुळशीला पाणी घालून परतत होत्या. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो, दुधी भोपळा आणताना नखाने टोचून पाहता, आणि एवढं मोठं धूड नुसती एक चक्कर मारून घेऊन आलात?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणजे उत्तर होते, ते आदल्या दिवशी माझ्या हातालाही लागले होते, पण मी त्याकडे दुर्लक्ष केले होते. विक्रेत्याकडे पोहोचल्याबरोबर मी बॉनेटवर हात टेकला तेव्हा पत्रा कोमट लागला होता. “सुबह ही डीज़ल भरवा के लाया हूँ, साहब,” असे त्याने न विचारताच सांगितले, आणि आयुष्यभर मास्तरकी करून पेन्शनीत निघालेल्या मनुष्याच्या भाबडेपणाने मी ते सौजन्य समजलो. जुने वाहन पाहायला जाणाऱ्याने इंजिन थंड असतानाच आपल्यासमक्ष सुरू करवून घ्यावे, कारण यंत्राची बरीचशी दुखणी ऊब मिळताच दबून बसतात, हा या बाजारातील पहिला धडा मी इतरांना अनेकदा शिकवला आहे. विक्रेत्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. जीप कोणत्या कारखान्याची हेही सांगत नाही, कारण तीन मालकांनी बावीस वर्षे खडकांवरून हाकललेल्या यंत्राची कुरकुर निर्मात्याच्या माथी मारणे न्यायाला धरून होणार नाही.

भोपाळात राहणाऱ्याला जीपचा मोह पडला तर त्याला फारसा दोष देता येत नाही. शहराच्या वेशीपाशीच विंध्याचे खडक सुरू होतात. केरवा आणि कलियासोतच्या धरणांपलीकडे डांबर संपते आणि मुरमाची, नाल्यांची, सागाच्या पाचोळ्याची वाट लागते. उलट दिशेने निघालात तर दोराहा येते, जेथे ७ जानेवारी १७३८ रोजी पहिल्या बाजीरावाने निजामाकडून तह लिहून घेतला. मराठी मनुष्याने भोपाळात राहून दोराहा पाहू नये आणि तेथे नव्या चकचकीत मोटारीतून जावे, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच अप्रशस्त वाटत आल्या आहेत.

शिवाय हा प्रांतच जुन्या जीपगाड्यांचा आहे. जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत, जिची स्थापना १९६९ ची, निसान कंपनीच्या परवान्याने लष्करासाठी जी दणकट गाडी घडवली गेली, तिचे ‘जोंगा’ हे नाव काही आफ्रिकी वाटले तरी ते ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांचे बनलेले आहे. जवळजवळ चार लिटरांचे सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन पोटात बाळगणारी ही गाडी लष्कराने लिलावात काढली, तेव्हा शौकिनांनी आणि शेतकऱ्यांनी ती उचलली, तिच्या पेट्रोलच्या भुकेपुढे हात टेकले आणि मूळ इंजिन काढून त्या जागी मिळेल ते डिझेल इंजिन बसवले. डिसेंबर १९८५ मध्ये आलेली जिप्सी ही तिच्यामानाने नाजूक. तरी कान्हा, पेंच, बांधवगडच्या जंगलांत वाघ दाखविण्याचे काम तिने पत्करले, आणि तिचे उत्पादन थांबून काही वर्षे लोटली तरी त्या वाटांवर अजून तिचीच चाके उमटतात. लिलावाच्या जाहिरातीत एक वाक्य ठरलेले असते: ‘जैसा है, जहाँ है’. वस्तू जशी आहे तशी आणि जेथे आहे तेथून उचला, मागाहून तक्रार चालणार नाही. सरकारी लिलावापुरते जन्मलेले हे वाक्य हळूहळू साऱ्या जुन्या बाजाराचे अलिखित करारपत्र होऊन बसले आहे.

तर तो आवाज. पहिला मिस्त्री आमच्या घराजवळचाच. त्याने बॉनेट उघडले, दोनदा अॅक्सिलरेटर दाबला आणि निकाल दिला, “टैपेट बोल रिये हें, खाँ.” हे ‘खाँ’ भोपाळी बोलीतील सार्वत्रिक संबोधन आहे, त्यात जात, धर्म, वय यांचा काही संबंध नसतो, आणि चाळीस वर्षे ऐकूनही ते मला प्रत्येक वेळी बढतीसारखे वाटते. टॅपेटवर संशय घेणे अगदीच अडाणीपणाचे होते असेही नाही. चार-फेऱ्यांच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह क्रॅंकच्या दोन फेऱ्यांत एकदा उघडतो, म्हणजे मिनिटाला आठशे फेऱ्यांच्या मंद चालीत चारशे वेळा. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातील अंतर वाढले की दर वेळी एक ‘टक्’ होते, आणि ऐकू येणारा ताल नेमका तसाच होता. त्याने झाकण काढून टॅपेट कसले. आवाज किंचित बारीक झाला, गेला नाही. “अब इत्ता तो रहेगा,” असे म्हणून त्याने चारशे रुपये घेतले.

दुसरा गॅरेजवाला मोठा होता. त्याच्या दारी एकाच वेळी आठदहा गाड्या उभ्या असत. त्याने मात्र परीक्षा घेतली. डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या नोझलकडे जाणारी पोलादी नळी असते. तिचा नट पान्याने सैल केला की त्या सिलिंडरला डिझेल मिळेनासे होते आणि तेवढ्यापुरता तो सिलिंडर मुका होतो. एकेक नट सैल करीत तो दुसऱ्या सिलिंडरपाशी आला, तेव्हा ती टकटक एकदम निम्म्याने उतरली. त्याने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. बिगएंडचे बेअरिंग झिजले आहे, कनेक्टिंग रॉड क्रॅंकवर ठोकतो आहे, इंजिन उतरवून उघडावे लागेल, क्रॅंक खरादावर घासून घ्यावा लागेल, आणि उघडलेच आहे तर पिस्टन, रिंगा, लायनर हेही ओघाने आलेच. कागदाच्या कपट्यावर पंचेचाळीस हजारांचा आकडा उमटला. “ज़ियादा चलाओगे तो रॉड बाहर आ जाएगी, ब्लॉक फाड़ के,” असे तो वर म्हणाला, आणि ही धमकी सर्वस्वी खोटी नव्हती. रॉडचे बेअरिंग गेलेले इंजिन चालवत राहिल्यास खरोखरच तसे होते.

मी घाबरलो, हे कबूल करतो. यंत्राच्या बाबतीत सुशिक्षित मनुष्याची अवस्था न्यायालयात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या पक्षकारासारखी असते: जो अधिक अशुभ बोलेल तो त्याला अधिक जाणता वाटतो. आगाऊ रक्कम देण्यासाठी मी बँकेत निघालोही होतो. वाटेत एका जुन्या विद्यार्थ्याने अडवले आणि ऐशबागेकडच्या एका गल्लीतील उस्तादांचा पत्ता दिला.

उस्तादांचे दुकान म्हणजे एक टिनाची शेड, एक बाक, आणि भिंतीवर क्रमाने लावलेले पाने. सत्तरीला टेकलेला मनुष्य. त्यांनी बॉनेटला हात लावण्याआधी मला बाकावर बसवले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. “मास्साब, ये ठंडे में ज़ियादा बोलती हे के गरम में?” थंडीत, मी म्हणालो, पाचसात कोस गेल्यावर जवळजवळ गप्प होते. “चढ़ाई पे?” श्यामला टेकडीच्या चढावर पुन्हा बोलते. “और उतार पे, पैर उठा लो तब?” तेव्हा बोलत नाही. “तेल का काँटा?” काटा स्थिर आहे. त्यांनी डिपस्टिक काढली, तिच्या टोकाचे ऑईल तळव्यावर पुसले आणि शेडच्या बाहेर जाऊन ते उन्हात धरले. बेअरिंग झिजत असेल तर त्याच्या धातूची भुकटी तेलात उतरते आणि उन्हात ती अभ्रकासारखी चमकते. चमक नव्हती. परंतु तेल नवे आणि नेहमीपेक्षा जाड होते, तेव्हा विक्रेत्याने ते नुकतेच बदलले असणार आणि त्या पुराव्याला फार किंमत देता येत नाही, हेही त्यांनी त्याच श्वासात सांगितले. पुरावा आपल्या तर्काच्या बाजूने असतानाही त्याचे मोल कमी करून सांगणारा मनुष्य मी विद्यापीठांतदेखील क्वचितच पाहिला आहे.

मग इंजिन सुरू झाले. त्यांनीही पान्याने दुसऱ्या सिलिंडरचा नट सैल केला. त्यांच्याही हाती टकटक निम्म्याने उतरली. मला वाटले, संपले. उस्ताद मात्र हसले. “इससे ये पता चला के दूसरे नंबर पे कुछ हे. क्या हे, ये कहाँ पता चला?” त्यांनी एक हातभर लांब पेचकस घेतला, त्याची मूठ कानामागच्या हाडाला टेकवली आणि टोक इंजिनाच्या अंगावर ठिकठिकाणी लावत गेले: रॉकरच्या झाकणावर, ब्लॉकच्या कुशीत, खाली ऑईलच्या चेंबरवर. बिगएंडचा ठोका खाली, चेंबरकडे, भरीव आणि जड ऐकू यायला हवा. तेथे काही नव्हते. पट्टा उतरवून मिनिटभर इंजिन चालवले. म्हणजे पाण्याचा पंप आणि डायनामो बाद झाले. शेवटी त्यांनी पेचकस ठेवला, एक रबरी नळी घेतली, तिचे एक टोक कानात धरले आणि दुसरे टोक धातूला न टेकवता, बोटभर अंतरावरून, एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कडेने अलगद फिरवत नेले. दुसऱ्या सिलिंडरपाशी येताच ते थबकले आणि नळी माझ्या कानात दिली. जो आवाज बाहेर ‘टक्’ असा ऐकू येत होता तो नळीतून ‘फट्’ असा येत होता. धातूवर धातू आपटत नव्हता, वारा फुटत होता. त्यांनी बॅटरीचा झोत टाकला. मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्यात अंगठ्याएवढी काजळी जमली होती आणि तेथला एक स्टड मुळाशी तुटलेला होता.

सारा उलगडा मग आपोआप झाला. स्टड तुटल्याने सांधा सैल पडला होता. थंडीत तो उघडा राही आणि प्रत्येक स्फोटानंतर जळालेला वायू त्या फटीतून सुटे. लोखंड तापून फुगले की फट मिटे आणि आवाज बंद होई. चढावर जोर पडला की पुन्हा फुटे. एका सिलिंडरचा स्फोटही दोन फेऱ्यांत एकदाच होत असल्याने त्याचा ताल टॅपेटच्या तालाशी तंतोतंत जुळत होता, म्हणून पहिला मिस्त्री फसला. त्या सिलिंडरचे डिझेल तोडले की स्फोटच होत नाही, मग वायू कोठून सुटणार. म्हणून दुसरा फसला, निदान तो फसला असे मी सौजन्याने म्हणतो. बेअरिंगचा आवाज तेल तापून पातळ झाल्यावर वाढतो, कमी होत नाही. एवढा एक प्रश्न विचारला असता तरी पंचेचाळीस हजारांचा कागद लिहिला गेला नसता.

याहून गंभीर गोष्ट उस्तादांनी झाकण उघडल्यावर दाखवली. पहिल्या मिस्त्रीने आवाज दाबण्याच्या खटपटीत टॅपेट इतके कसले होते की फीलर गेजचे नेमून दिलेले पाते आतच जाईना. तापलेला व्हॉल्व्ह लांबीने वाढतो. त्याला वाढायला जागाच ठेवली नाही तर तो पुरता मिटत नाही, मिटला नाही की त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि तापत्या वायूच्या झोतात त्याची कड जळून जाते. थोडा बोलणारा टॅपेट निरुपद्रवी असतो, मौन धारण केलेला घातकी असतो. म्हणजे निरोगी अवयवावर उपचार करून त्या भल्या माणसाने मला चारशे रुपयांत एक खरा रोग विकला होता, आणि मी आणखी दोन महिने तसाच हिंडलो असतो तर दुसऱ्या गॅरेजवाल्याचे भाकीत निराळ्या कारणाने का होईना खरे ठरले असते.

तुटलेला स्टड काढण्याचे काम मी बाकावरून पाहिले. मुळाशी तुटलेल्या तुकड्याला पकड मिळत नाही. म्हणून त्यावर एक जुना नट ठेवून त्याच्या पोकळीतून वेल्डिंगने तो तुकड्याशी सांधला गेला, आणि लोखंड लाल होऊन निवत असताना पान्याने तो नट आधी पुढे, मग मागे, पुन्हा पुढे, असा केसाकेसाने फिरवीत, एखाद्या बालकाचा दुधाचा दात काढावा तशा हळुवारपणे उस्तादांनी तो बाहेर आणला. नवा स्टड, नवे गॅस्केट, मॅनिफोल्डची कड घासून सपाट करणे, टॅपेटचे अंतर पुन्हा लावणे, सर्व मिळून अकराशे चाळीस रुपये. “आणि शोधून काढल्याचे?” मी विचारले. “उसका क्या लेना, मास्साब. चाय पिला दो.”

मला येथे उस्तादांचा दोष दाखवायचा आहे, आणि तो दाखवण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आवाज ऐकून रोग ओळखणे ही विद्या क्षुद्र नाही. आमच्या वैद्यकात सुश्रुताने रोगपरीक्षेची साधने सांगताना पाच ज्ञानेंद्रियांत कानाचा उल्लेख प्रथम केला आहे आणि त्यांच्या जोडीला सहावे साधन म्हणून प्रश्न ठेवला आहे. ऐशबागेच्या शेडमध्ये मी जे पाहिले ते याहून फार वेगळे नव्हते. युरोपात व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर या वैद्याने १७६१ साली रुग्णाच्या छातीवर बोटाने ठोकून आतील पाण्याचा अदमास घेण्याची रीत प्रसिद्ध केली. तो ग्राट्सच्या एका खाणावळवाल्याचा मुलगा होता आणि पिंपात दारू किती उरली हे पिंप ठोकून ओळखण्याची तऱ्हा त्याने घरीच पाहिली होती. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेकने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. उस्तादांची रबरी नळी आणि लेनेकची कागदी सुरळी यांत मला तरी कुळाचा भेद दिसत नाही. पण लेनेकच्या वंशजांच्या दवाखान्यात आपण पाचशे-सातशे रुपये निमूटपणे ठेवतो, आणि डॉक्टरांनी तपासून “काही नाही, ताप आपोआप उतरेल,” असे सांगितले तर उलट आनंदाने ठेवतो. गॅरेजात मात्र “काही नाही” या उत्तराची किंमत शून्य असते.

या शून्याचा परिणाम काय होतो ते पाहा. ज्या बाजारात निदानाला मोल नाही आणि केवळ उघडण्याला, बदलण्याला, घासण्याला आहे, तेथे मिस्त्रीचे पोट चुकीच्या निदानावर भरते. अर्धा तास ऐकून अकराशेचे काम सांगणाऱ्याला त्या अर्ध्या तासाचा एक कप चहा मिळतो. दोन मिनिटांत इंजिन उतरवायला सांगणाऱ्याला पंचेचाळीस हजारांतील मजुरी, सुट्या भागांवरचे कमिशन आणि वर ‘जाणता’ अशी ख्याती मिळते. मी त्या दुसऱ्या गृहस्थाला लबाड म्हणत नाही. त्याच्या दारी उभ्या असलेल्या आठदहा गिऱ्हाइकांपैकी एकानेही आजवर त्याला ऐकण्याबद्दल छदाम दिलेला नसेल, तर त्याचे कान मंद झाले यात नवल ते काय? आपल्या भाषेत ‘निदान’ या शब्दाला ‘किमान’ असाही एक अर्थ आहे, हा योगायोग मोठा बोलका आहे: जे किमान व्हायला हवे तेच आपण फुकटात मागतो.

कुणी म्हणेल की आता संगणक आला, गाडीला यंत्र जोडले की दोष पडद्यावर उमटतो. नव्या गाड्यांपुरते ते काही अंशी खरे आहे. परंतु जुन्या बाजारातील ज्या डिझेल जीपांविषयी मी बोलतो आहे त्यांच्या अंगी असे यंत्र जोडण्याचे छिद्रच नसते, आणि जेथे असते तेथेही ते संवेदकांची आणि विजेच्या तारांची भाषा बोलते. तुटलेला स्टड, झिजलेले बेअरिंग, सैल झालेले इंजिनाचे फाउंडेशन यांविषयी ते बहुधा चकार शब्द काढत नाही. शिवाय लोखंडातून ध्वनी हवेपेक्षा दहापटीहून अधिक वेगाने धावतो आणि साऱ्या ब्लॉकभर पसरतो, त्यामुळे आवाज जेथे ऐकू येतो तेथे तो जन्मलेला असतोच असे नाही. तो माग काढायला सध्या तरी शिकवलेला कान आणि प्रश्न विचारण्याची चिकाटी हीच दोन साधने आहेत.

कायद्याकडे वळावे तर तेथेही ग्राहकाच्या हाती फारसे लागत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सोळावे कलम मी मुद्दाम वाचून काढले. घेणाऱ्याने सावध राहावे हे जुने तत्त्व मान्य करून त्या कलमाने काही अपवाद ठेवले आहेत: त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला तर तो विक्रीयोग्य प्रतीचा असला पाहिजे, ही अट गृहीत धरली जाते. पण त्याच्याच शेपटीला एक परंतुक आहे: घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांच्यापुरती ही अट लागू नाही. म्हणजे कोमट बॉनेटवर टेकलेला माझा हात ही कायद्याच्या भाषेत ‘तपासणी’ ठरली, तर तो हातच माझ्याविरुद्ध साक्ष देईल. कानांचा अशिक्षितपणा कोणत्याही कलमात बचाव म्हणून नोंदलेला नाही.

मालकी हस्तांतराविषयी मात्र आपले कायदे अतिशय जागरूक आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या पन्नासाव्या कलमाने विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला कळवण्याच्या मुदती घालून दिल्या आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी स्वतंत्र नियम जाहीर केले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते अमलात आले. वाहन व्यापाऱ्याच्या ताब्यात आले की त्याची वर्दी द्यावी, त्याने परवाना घ्यावा, गाडी कोठे कशासाठी फिरली याची नोंदवही ठेवावी, हे सर्व त्यांत आहे आणि ते योग्यच आहे. चोरीच्या गाडीचा आणि नसत्या अपघाताच्या जबाबदारीचा फास सामान्य माणसाच्या गळ्यातून त्यामुळे बराच सैल झाला. पण गाडी कुणाच्या नावावर आहे याची इतकी काळजी वाहणाऱ्या त्या नियमावलीत गाडीच्या प्रकृतीविषयी लेखी अहवाल ग्राहकाला द्यावा, अशी एकही ओळ नाही. परवानाधारक व्यापाऱ्याने थंड इंजिन सुरू केल्यानंतरचे निरीक्षण, ऑईलचा दाब आणि धुराचा रंग एवढ्या तीन बाबी सहीनिशी एका कागदावर लिहून द्याव्यात, ही मागणी अवाजवी म्हणता येईल काय? ज्या व्यापाऱ्याचा माल चांगला आहे त्याला या कागदाने लाभच होईल, आणि ज्याचा नाही त्याला पहाटे उठून इंजिन गरम करून ठेवण्याची दगदग करावी लागणार नाही.

दुसरी अपेक्षा औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडून. मेकॅनिक डिझेल आणि मेकॅनिक मोटार व्हेईकल हे अभ्यासक्रम देशभर चालतात. आमच्या गोविंदपुऱ्यातही प्रशिक्षण संस्था आहे. तेथील मुलांना इंजिन खोलून पुन्हा बांधता यावे हे हवेच. पण बिघडवून ठेवलेली चार इंजिने त्यांच्यापुढे चालू करून, पान्याला हात न लावता केवळ प्रश्न आणि कान यांच्या बळावर दोष सांगण्याची परीक्षाही घेतली जावी, आणि तिचे परीक्षक म्हणून ऐशबागेतील उस्तादांसारख्यांना मानधन देऊन बोलवावे. त्यांच्यापाशी प्रमाणपत्र नाही, ही अडचण सरकारने सोडवायची आहे, त्यांनी नव्हे. त्यांचे दोन्ही मुलगे मोबाइलच्या दुकानात नोकरी करतात, हे त्यांनी मला चहा पिताना सांगितले.

तिसरी गोष्ट आपल्या हातची आहे. चहा पाजून झाल्यावर मी पाचशे रुपये पुढे केले, ते उस्तादांनी परत केले. दुसऱ्यांदा केले, पुन्हा परत केले. हा त्यांचा दोष, असे मी वर म्हटले. ते पैसे नाकारून त्यांनी माझ्यावर उपकार केला असेल, पण आपल्या विद्येवर आणि त्या गल्लीत पान्याशी खेळणाऱ्या पुढच्या पोरावर अन्याय केला. वाचकहो, तुमचा मिस्त्री जेव्हा गाडीपाशी कान लावून उभा राहील आणि म्हणेल की इंजिन उघडायची गरज नाही, तेव्हा त्याला चहावर वाटेला लावू नका. त्याने काय ऐकले ते कागदावर लिहून घ्या, त्याची सही घ्या, आणि डॉक्टरला देता तेवढे पैसे त्याच्या हातावर ठेवा; तो नको म्हणाला तरी ठेवा.